पाणी टाळूवर पडलं पायजे

गंगाखेडच्या एसटी स्टँडवर मी पहिल्यांदा उतरलो तेव्हा सगळा स्टँड माझ्याकडे बघून हसत होता, आणि हे मला सगळ्यात शेवटी कळलं. मी ज्युनियर कॉलेजात मास्तर म्हणून रुजू व्हायला आलो होतो. नवी पँट, खांद्याला पिशवी. आपण चांगले रुबाबात चाललो आहोत अशी माझी प्रामाणिक समजूत होती. शेंगा विकणारी बाई तोंडाला पदर लावून हसायला लागली तेव्हा मी वळून बघितलं. मागे पस्तिशीचा, सावळा, पांढऱ्याशुभ्र बुशशर्टातला एक गृहस्थ एक खांदा कानापर्यंत चढवून, मान बदकासारखी पुढे काढून उभा होता. मी थांबलो तसा तोही थांबला होता.

"हा मी?" मी विचारलं.

"तुमीच. पिशवी ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर घ्या. आन् मान मागं. तुमी पोचायच्या आधी तुमची मान पोचायलीय."

एवढं बोलून तो माणूस माझी चाल माझ्या अंगावर टाकून स्वतःच्या चालीनं निघून गेला. त्याची स्वतःची चाल मात्र बघत राहावी अशी होती, डोक्यावर भरली घागर असल्यासारखी.

हे आमचे कसरत डॉक्टर. शिक्षण फिजिओथेरपीचं, तेही मुंबईच्या एका मोठ्या सरकारी दवाखान्यातलं. पण तालुक्यात त्या धंद्याचा दुसरा माणूस कुणी बघितलेला नव्हता. पोटाचा डॉक्टर असतो, डोळ्याचा असतो, तसा हा कसरतीचा, असं लोकांनी आपसात ठरवून टाकलं. प्रत्येक नव्या पेशंटला ते पहिल्यांदा सांगत, "मी डॉक्टर न्हाई." पेशंट म्हणे, "बरं डॉक्टरसाहेब," आणि कामाला सुरुवात होई.

त्यांना नावं लक्षात राहत नसत, चाली राहत. मला ते पुढची सगळी वर्षं "पुढची मान" म्हणूनच हाक मारत. "काय पुढची मान, चहा घेता का?" स्टँडवरच्या सिमेंटच्या बाकावर बशीत चहा ओतून ते बसले, की येणारी प्रत्येक गाडी त्यांच्यासाठी नाटकाचा नवा अंक असे. हा उतरला त्याचं कंबरेतलं दुखणं जुनं आहे. ही बाई पोर नेहमी एकाच कडेवर घेते. एकदा त्यांनी बाजारातल्या एका जाड्या कापडवाल्याची चाल त्याच्याच दुकानासमोरून काढली, तर दुकानाच्या पायरीवर झोपलेलं त्याचं कुत्रं उठून शेपूट हलवत ह्यांच्या मागे गेलं. कापडवाला गल्ल्यावरून हाका मारतोय आणि कुत्रं मागे वळून बघायला तयार नाही.

चुकतही असत, आणि चुकले की मला फार आनंद होई. एकदा एक शेतकरी लंगडत चालला होता. ह्यांनी त्याला धरला, बाकावर बसवला, खुब्याच्या सांध्याची सगळी कथा त्याला ऐकवली. त्या बिचाऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. मग चप्पल काढली आणि तळव्यातून भलामोठा बाभळीचा काटा उपसून ह्यांच्या हातावर ठेवला. कसरत डॉक्टरांनी काटा उन्हात धरून नीट बघितला आणि म्हणाले, "हां. हे बी असू शकतं."

जत्रेतल्या कुस्त्यांना ते न चुकता जात. कोण जिंकलं याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. माणसं जिंकलेल्या पैलवानाला खांद्यावर घेऊन नाचत, तेव्हा हे हरलेल्याच्या मागे मागे जात आणि त्याची मान चाचपत. "सोमवारी या," एवढंच सांगत. बहुतेक जण येत.

त्यांचा दवाखाना म्हणजे एका एमबीबीएस डॉक्टरच्या दवाखान्यामागच्या दोन खोल्या. छताला विहिरीवरची कप्पी टांगलेली, तिच्यावरून दोर, दोराला लाकडी मुठी. सुताराकडून करून घेतलेला बाक. वाळूच्या पुरचुंड्या. चाकं नसलेली एक सायकल, जिच्यावर म्हातारे लोक तासभर पायडल मारून "आलं का परळी?" असं विचारत. लोक त्या जागेला तालीम म्हणत. तिथं सगळ्यांत मान होता तो शेकायच्या दिव्याला. तांबडाभडक दिवा. व्यायाम कुणालाच नको असे, सगळ्यांना "करंट" पाहिजे असे. कसरत डॉक्टर कुणाला नाही म्हणत नसत. त्यांनी फक्त त्या दिव्याचं बटण भिंतीवर बरंच उंच बसवून घेतलं होतं, आणि नियम असा होता की ज्याला शेक पाहिजे त्यानं दुखऱ्या हातानं ते स्वतः दाबायचं. खांदा धरलेली माणसं त्या बटणाकडे बघत भिंतीवरून बोटं चढवत जात, घामाघूम होत, खाली येत, पुन्हा चढवत. ज्या दिवशी दिवा लागे त्या दिवशी त्या माणसाला दिव्याची गरज उरलेली नसे. पण शेक घेतल्याशिवाय कुणी घरी जात नसे, हेही खरं.

दारात त्यांची आई शेंगा फोडत बसलेली असायची. सगळे तिला माय म्हणत. लेकाच्या धंद्याची एवढी मनापासून बदनामी करणारी आई मी दुसरी बघितली नाही. नवा पेशंट दिसला की ती म्हणे, "जा बाबा, जा आत. माझे गुडघे तर त्येच्यानं बरे झाले न्हाईत, तुझं बघ काय होतंय."

"माय, व्यायाम केला असता तर झाले असते," आतून आवाज येई.

"जन्मभर उसाच्या मोळ्या वाहिल्या, अजून कोणता व्यायाम करू रे?"



मुंबई सोडून ते गंगाखेडला का आले, याची त्यांच्याकडे प्रत्येकासाठी वेगळी गोष्ट होती. कॉलेजच्या प्राचार्यांना त्यांनी सांगितलं, की मुंबईत समुद्राच्या हवेनं सांधे गंजतात. मला सांगितलं, की मुंबईत सगळे एकाच चालीनं चालतात, करमत नव्हतं. खरी गोष्ट मायनं एकदा शेंगा फोडता फोडता सांगितली. विद्यापीठाच्या नामांतराच्या पहिल्या दंगलीत गावातलं त्यांचं घर जळालं. लेक तेव्हा मुंबईत शिकत होता. नवरा त्यानंतर फार दिवस जगला नाही. "त्यो मला न्ह्यायला आला. मी म्हणलं, मी मुंबईला येणार न्हाई आन् त्या गावात बी जाणार न्हाई. मंग त्योच इथं आला. बाकी सगळं त्येचं नाटक."

नाटक मात्र फर्मास होतं. नामांतराचा वाद अजून धुमसतच होता. स्टँडच्या भिंतीवर एके दिवशी घोषणा उमटे, दुसऱ्या दिवशी तिच्यावर डांबर फासलेलं असे, तिसऱ्या दिवशी त्या डांबरावर चुन्यानं पुन्हा घोषणा. मोर्चा निघाला की कसरत डॉक्टर पहिल्या रांगेत. घोषणा खणखणीत देत, आणि मधेच शेजारच्याला सांगत, "हनुवटी वर करून ओरडू नको, मान धरंल. आवाज पोटातून काढ." मोर्चा कचेरीवर पोचेपर्यंत अख्खी पहिली रांग कवायतीतल्यासारखी ताठ झालेली असे.

एका रविवारी त्यांनी मला चारठाण्याला नेलं. तिथली जुनी देवळं बघायला लोक कोरीवकाम म्हणून जातात. हे खांबांवरच्या बायका तपासायला जात. एकीसमोर उभे राहून त्यांनी तिच्यासारखीच कंबर काढली, एक हात डोक्यावर नेला आणि मला म्हणाले, "बघा. सगळा भार एका पायावर. ह्या बाईला पुढं कंबरेचा लय त्रास होणार."

"काही शतकं झाली की," मी म्हटलं. "अजून उभीच आहे."

"म्हणून तर हात तुटला," ते गंभीरपणे म्हणाले, आणि तशाच कमनीय अवस्थेत विचार करत उभे राहिले. तेवढ्यात देवळाच्या मागून एक आजोबा आले. बुशशर्टातला माणूस खांबावरच्या बाईसारखा वाकून उभा आहे आणि डोळे मिटलेले आहेत, हे बघून त्यांनी चपला काढल्या आणि लांबूनच हात जोडले. कसरत डॉक्टरांनी एक डोळा उघडला आणि त्यांना म्हणाले, "बाबा, तुमचं पोक बी बघू का?"

आता मामांची गोष्ट. ह्या माणसाबद्दल बोलायला लागलो की मी शेवटी तिथंच येतो.

माझे मामा राणीसावरगावच्या बाजूच्या एका खेड्यात राहत. ऊस, विहीर, दोन बैलजोड्या, गावात शब्दाला वजन. पण त्यांची खरी इस्टेट म्हणजे त्यांचा फेटा. रोज सकाळी अंगणात उभं राहून ते तो स्वतः बांधत, आरशात न बघता. एक टोक दातात, दोन्ही हात डोक्याभोवती फिरताहेत, आणि शेवटी शेव, म्हणजे फेट्याचं उरलेलं टोक, मागे खोचली की मान अशी वळे, जणू गावच डोक्यावर घेतलंय. "दुसऱ्यानं बांधलेला फेटा नवरदेवानं घालावा न्हाईतर मढ्यानं," असं ते म्हणत.

तर त्यांचा उजवा खांदा धरला. हात छातीच्या वर जाईना. आणि वैशाखात एकुलत्या एका मुलीचं लग्न ठरलेलं. मामी फेटा बांधायला गेली, तो जखमेवरच्या पट्टीसारखा दिसायला लागला. मुलानं परभणीहून तयार फेटा आणला. मामांनी तो गोठ्यात नेऊन बैलाच्या शिंगात अडकवला. बैलाला तो बरा दिसत होता. मामांनी घरात जाहीर केलं, "पोरीच्या मांडवाच्या दारात मी माझ्या हातचा फेटा बांधून उभा राहीन. न्हाईतर उभाच राहणार न्हाई. सोयऱ्यांला सांगा, बाप आजारी हाय." मामी रडायला लागली, कारण मामा बोलले की तसंच करत.

तेल झालं, विटेचा शेक झाला, इंजेक्शनं झाली. मग मी त्यांना फटफटीवर बसवून कसरत डॉक्टरांकडे आणलं.

डॉक्टरांनी एक हात मामांच्या दंडाखाली घेतला, एक खांद्यामागच्या खवाट्यावर ठेवला आणि हात हळूहळू वर नेला. मामांनी अशी बोंब मारली की बाहेर बांधलेली शेळी दावं तोडून पळाली. पण हात थोडा तरी वर गेला होता, आणि ते मामांनाही कळलं होतं.

"हात गरम हायेत त्या माणसाचे," परतताना ते मागून म्हणाले. मग थोड्या वेळानं, "कुठले म्हणायचे हे?"

मी गाव सांगितलं.

"त्या गावात कोणाचे?"

मी सांगितलं, बौद्ध आहेत. त्यानंतर कॅनॉल आला, ऊस आला, वेस आली. घराच्या दारात उतरून मामांनी आत न जाता हाक मारली, "पाणी काढ."

मग तो क्रमच पडला. दवाखान्यात जायचं, हात वर न्यायला लावायचा, घरी येऊन न्हाणीत बसायचं. "औषध बी घ्यायचं आन् रीत बी पाळायची," एवढंच त्यांचं म्हणणं. एरवी सकाळी त्यांच्या अंगावर पाणी मामी घालत असे. पण दवाखान्यातून आल्यावर त्यांना कुणी शिवायचं नाही, म्हणून ती दुसरी आंघोळ ते स्वतःच करत, डाव्या हातानं.

एक दिवस कसरत डॉक्टर उजवा खांदा सोडून डावाच दाबून बघायला लागले. खोलीत पाच-सहा पेशंट होते, दारात माय होती.

"मामा, हा कशानं दुखायलाय?"

"वय झालं."

"वय दोन्ही खांद्यांला सारखंच झालं की. डाव्या हातानं तुमी कायतरी उचलायलाव. सवय नसताना." त्यांनी हवेत मूठ धरली, खांद्याकडे नेली, मनगट वळवलं. एकदा, दोनदा. मग त्यांचा हात थांबला. "सकाळी पाणी कोण घालतं?"

"मालकीण."

"मंग हे डाव्या हातानं कवा घेताव?"

मामांनी माझ्याकडे बघितलं. मी कप्पीकडे बघितलं.

"इथून गेल्यावर," कसरत डॉक्टर स्वतःच म्हणाले.

दारातला शेंगांचा आवाज बंद झाला. चाकं नसलेली सायकल थांबली.  मग कसरत डॉक्टर उठले, मायच्या शेजारचा पाण्याचा तांब्या घेतला, पाणी बाहेर ओतलं आणि खोलीच्या मधोमध स्टुलावर न्हायला बसावं तसे बसले.

"डाव्या हातानं? मंग काय उपयोग, मामा! डाव्या हातानं घेतलेलं पाणी खांद्यावर पडतं, लय झालं तर कानावर. टाळू कोरडीच राहती. आमचा इटाळ लय चिवट असतो. टाळूवर बसतो. पाणी टाळूवर पडलं पायजे." त्यांनी तांब्या उजव्या हातात घेतला. "असा धरायचा. कोपर भिंतीला टेकवायचं. भिंतीवरून कोपर चढवत न्यायचं, दम सोडत. थांबायचं. पुन्हा चढवायचं. मंग ओतायचं. तांब्या ठेवला, की हात मानेमागं. मानेमागं चोळायचं. तिथं तर जास्तीच बसतो."

कोपऱ्यातल्या एका पेशंटच्या नाकातून फुर्र आवाज आला.

"पाठ ऱ्हायली की रे," माय दारातून म्हणाली. "पाठीवर बी बसतो म्हणावं."

"हां. पाठ. हात खालून मागं घ्यायचा आन् वरपर्यंत न्यायचा. घाई न्हाई करायची. अर्धवट आंघोळ करू नका, मामा. करायची तर पुरी करा."

मामा उठले. चपला घातल्या. बाहेर फटफटीजवळ जाऊन पाठ करून उभे राहिले. रस्त्यात एकच वाक्य बोलले, "त्या दारात पुन्हा पाय ठेवणार न्हाई."

संध्याकाळी मी कसरत डॉक्टरांकडे गेलो. ते वाळूच्या पुरचुंड्या शिवत बसले होते. मी विचारलं, "राग नाही आला तुम्हाला?"

"आला की. लय आला."

"मग?"

"मंग काय. रागानं खांदा वर जातो व्हय? त्येंचा बी न्हाई आन् माझा बी न्हाई." त्यांनी दोरा तोडला. "ती आंघोळ बंद करायला माझ्या बापाच्यानं न्हाई झालं, माझ्यानं कुठून होणार? निदान उजव्या हातानं तरी करतील." पुढची पुरचुंडी घेत म्हणाले, "पाठीचं मी सांगणार नव्हतो. ते मायनं वाढवलं."

"ऱ्हायली असती तर मंग!" आतून माय.

पुढचं मला मामीनं सांगितलं. त्या दिवशी मामा घरी आले, पाणी काढ म्हणाले, न्हाणीत बसले. डावा हात तांब्याकडे गेला आणि तसाच राहिला. बराच वेळ ते घंगाळातल्या पाण्याकडे बघत बसले. मग उजव्या हातानं तांब्या उचलला, कोपर भिंतीला लावलं आणि ओरडले. सगळं पाणी मांडीवर. पुन्हा भरला. पुन्हा ओरडले. घरातली बाकीची माणसं चिंचेखाली जाऊन बसली. आता मामा त्या माणसाचं ऐकत होते, की त्याला दाखवून देत होते की आंघोळ पुरी म्हणजे काय असते, हे मामीला सांगता येईना. मला वाटतं मामांनाही आलं नसतं. फेटा मात्र डोळ्यांसमोर होता.

तेव्हापासून पाणी चढायला लागलं. आधी खांद्यावर पडायचं, मग कानावर. दवाखान्याला जाणं बंद झालं होतं, कुणाला शिवणं नव्हतं, तरी दुसऱ्याच दिवशी दुपारी हाक आली होती, "पाणी काढ."

"आज तर तुमी कुठं गेलाच न्हाईत," मामी म्हणाली. "मंग कशाला?"

"काढ म्हणलं ना."

कानावर येऊन पाणी अडलं. पुढं सरकेना. तेव्हा मामा एकटेच एसटीनं गंगाखेडला आले, मला न सांगता. मी योगायोगानं तिथं होतो. दारात उभं राहून ते म्हणाले, "डॉक्टर, कानापर्यंत आलंय. म्होरं जाईना."

मला वाटलं, आता काहीतरी टाळीचं वाक्य येणार. कसरत डॉक्टर नुसतं म्हणाले, "बसा." आणि दंडाखाली हात घातला.

त्यानंतर सगळ्या तालमीला एकच विषय मिळाला. सायकलवरचा म्हातारा विचारी, "पाटील, कुठवर?" मामा मिशीतून म्हणत, "भुवई." पुढच्या आठवड्यात, "कपाळ." माय म्हणे, "पाठीचं काय झालं?" मामा म्हणत, "चाललंय माय, दमानं घे." घरी आंघोळ चालूच होती, बरं का. उगाच मी गोष्ट गोड करत नाही. दवाखान्यातून गेल्यावरची वेगळी, बिनदवाखान्याची वेगळी. होळीनंतर केव्हातरी टाळू भिजली. त्या दिवशी मामा ओल्या डोक्यानंच अंगणात आले आणि मामीला म्हणाले, "हात लावून बघ. भिजलीय का न्हाई?"

लग्नपत्रिका घेऊन ते स्वतः आले. टेबलावर ठेवली नाही, डॉक्टरांच्या हातात दिली. मायला म्हणाले, "तुमी बी या."

"माझे गुडघे," माय म्हणाली, "तुला ठावंच हाय."

लग्नाच्या दिवशी सकाळी अंगणात माणूस मावत नव्हतं. भगव्या रंगाचा नवा फेटा मामांनी हातात घेतला आणि सगळे गप्प झाले, कारण पैज काय आहे हे एव्हाना सोयऱ्यांच्या गड्यांनाही माहीत होतं. टोक दातात. पहिला वेढा, दुसरा, तिसरा. हात चालत होते. हिवाळाभर भिंतीवरून चढवलेलं कोपर आता हवेतून चढत होतं. शेवटची शेव मागे खोचायची राहिली, आणि हात अडकला. डोक्याच्या मागे, बोटांत शेव, पुढं जाईना, खाली येईना. मामांच्या कपाळावर घाम फुटला. मुलगा पुढं झाला, तर मामा दातांतल्या दातांत गुरगुरले.

कसरत डॉक्टर मांडवाच्या कडेला लोकांत उभे होते. ते सरळ चालत पुढं आले, तीच भरल्या घागरीची चाल. कुणाला काही विचारलं नाही. एक हात कोपराखाली, एक खवाट्यावर. "दम सोडा, मामा," ते म्हणाले. "अजून सोडा. आता."

मामांनी शेव स्वतः खोचली.

हलगी वाजायला लागणार तेवढ्यात भावकीतले नाना पुढं आले. हे मामांचे चुलतभाऊ, रीतीभातीच्या बाबतीत गावातलं हायकोर्ट. मामांना म्हणाले, "अण्णा, मुहूर्ताला येळ हाय. अंगावर पाणी घेऊन टाका."

सगळं अंगण मामांकडे बघत होतं. कसरत डॉक्टरही बघत होते, आणि पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर कुणाचीही नक्कल नव्हती.

मामांनी फेट्याला हात लावला. "हा सोडू व्हय?"

"सोडा, पुन्हा बांधा. त्येच्यात काय?"

"हिवाळ्यापास्नं पाणी घ्यायलोय नाना, तवा हा एक बांधून झालाय. न्हाई सोडत." आणि वळून म्हणाले, "डॉक्टर, दारात माझ्याजवळ ऱ्हा. सोयरे यायलेत. हात पुन्हा धरला तर?"

हात काही धरला नाही. पण कसरत डॉक्टर मांडवाच्या दारात वधूपित्याच्या शेजारी उभे राहिले, आणि वऱ्हाडातले निम्मे लोक त्यांना मुलीचे धाकटे काका समजून गळाभेट घेऊन गेले. त्या संध्याकाळी मामांनी आंघोळ केली का, असं मला पुष्कळांनी विचारलंय. केली. वैशाख होता, मांडवात भट्टी पेटलेली होती, त्या संध्याकाळी सगळ्यांनीच केली. डॉक्टरांनीही. मला याहून जास्त माहिती नाही आणि मी ती काढलीही नाही.

दुपारी पंगत बसली. मामांनी कसरत डॉक्टरांना आपल्या शेजारी बसवलं. पलीकडे नाना होते. पत्रावळीवर भात पडला, वरण पडलं, आणि नानांनी जाहीरपणे घसा खाकरला. आपण इथं जेवणार नाही, हे सगळ्या पंगतीला कळावं म्हणून ते उठायला लागले. पण नानांचे गुडघे काही त्यांच्या बाजूचे नव्हते. अर्धे उठले आणि तिथंच अडकले, एक हात जमिनीवर, एक हवेत. वाढपी लांब. जवळ एकच माणूस होता, आणि त्यानं आपला हात पुढं केलेलाही होता.

"काका, झटक्यानं उठू नका," कसरत डॉक्टर अगदी मनापासून म्हणाले. "आधी उजवा पाय घ्या. हात धरा माझा."

नाना त्या हाताकडे बघत राहिले. मांडीला कापरं भरलं होतं. सगळी पंगत घास हातात धरून थांबली.

"नाना," मामा म्हणाले, "एक तर त्येचा हात धरून ऊठ, न्हाईतर बसून जेव. वरण गार व्हायलंय."

नाना बसले. खाली मान घालून त्यांनी भात कालवला. मामांना आधी नुसतं हसू आलं, मग ठसका लागला, मग ते डोकं मागं टाकून असे हसले की फेटा घसरायला लागला, आणि त्यांचा उजवा हात, कुणी न सांगता, त्यांना स्वतःलाही न कळता, सरळ डोक्यावर गेला.